कृषी आयुक्त साहेब आणि राजगुरूनगर-राहुरीच्या शास्त्रज्ञांनो, कांद्यावरच्या टॉनिकचं एकदा काय ते सांगा

मा. कृषी आयुक्त साहेब, पुणे,
राजगुरूनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयातले आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातले सगळे शास्त्रज्ञ,
आणि आमच्या तालुक्यातले कृषी अधिकारी,

सगळ्यांना नमस्कार.

मी चांदवड तालुक्यातला शेतकरी. उन्हाळ कांदा करतो, वडील करत होते, त्यांच्याआधी आजोबा करत होते. मोबाईलवर टाईप करतोय त्यामुळे लिहिण्यात काही इकडंतिकडं झालं तर समजून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती.

काल सकाळी कांदा साठवायच्या चाळीचा शेवटचा कप्पा फोडला. फळ्या काढायच्या आधीच वास आला, आणि ज्यानं कधी चाळ भरलीय त्याला तो वास कसला ते वेगळं सांगायला लागत नाही. खाली पाणी सुटलेलं. वरचे कांदे हातात घेतले तर दिसायला एकदम झकास, मोठी साइज, पत्ती म्हणजे वरची साल पण बऱ्यापैकी, पण मानेवर अंगठा टेकवला की अंगठा सरळ आत जातोय. एक कांदा विळ्यानं उभा कापला. मधोमध तीन कोंब, पिवळट हिरवे, बोटाच्या पेराएवढे, आणि त्यांच्या भोवतीचे पापुद्रे शिजवल्यासारखे झालेले. आईनं तो कांदा माझ्या हातातून घेतला, बघितला, आणि काही न बोलता खराब कांद्याच्या पाटीत टाकला. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता यातली खरी गोष्ट पुढंच आहे, म्हणून हे पत्र. आमच्याच ओट्यावर दोन क्रेट कांदा आहे, त्याच वावरातला, त्याच उळ्यातून, म्हणजे बियाण्यातून केलेल्या रोपाचा, एकाच आठवड्यात लागण केलेला. तो टणटण वाजतोय अजून. सहा-सात कांदे सोडले तर सगळा जसाच्या तसा आहे. हा कांदा बांधाकडच्या चार वाफ्यांतला. पहिल्या टॉनिकच्या फवारणीला तिथपर्यंत येता येता पंपाची बॅटरी संपली, अंधार पडला, म्हटलं राहू दे. मग त्या वाफ्यांची पात बुटकी राहिली, म्हणून पुढं वाढ थांबवायचं औषध मारताना पण ते सोडले, कारण तिथं थांबवायला काही वाढच नव्हती. काढणीला तो कांदा बारीक निघाला, गोल्टीच्या थोडा वर, म्हणून बायकोनं घरी खायला वेगळा ठेवला. एवढंच. ठरवून काही केलेलं नाही.

मला माहितीये की यावरून काही सिद्ध होत नाही. बांधाकडं पाणी कमी पोचतं, त्यामुळं पण तो कांदा टिकला असेल. क्रेटमध्ये हवा खेळती राहते, चाळीत चार फुटाचा थर होता, त्यामुळं पण असेल. फवारणीमुळं झालं का पाण्यामुळं झालं का थरामुळं, हे मला वेगळं करून बघता येत नाही. तुम्हाला येतं, आणि ते काम तुम्ही करावं म्हणून हे लिहितोय.

आधी मी काय मारलं ते सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. लागणीनंतर साधारण पन्नास दिवसांनी एक बाटली मारली. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, दुकानदार माझ्या ओळखीतला आहे, वाईट माणूस नाहीये, त्याला कंपनीच्या माणसानं जे सांगितलं ते त्यानं मला सांगितलं. बाटलीवर मोठ्या अक्षरात होतं की सेंद्रिय वनस्पती अर्क, सर्व पिकांसाठी, जोमदार वाढ. घटक काय, किती टक्के, ते कुठंच नाही. घरी आल्यावर मोबाईलची टॉर्च लावून सगळं लेबल वाचलं, तर बॅच नंबर होता, किंमत होती, लहान मुलांपासून दूर ठेवा होतं, पण आत काय आहे ते नव्हतं. मारल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पात अशी उठली की रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून विचारायला लागली काय मारलं म्हणून. पात लांब, जराशी फिक्की, सरळ वर गेलेली.

माझा मावसभाऊ निफाडकडं द्राक्षाची बाग करतो. तो आला, बांधावर उभा राहिला आणि दोन मिनिटं बघून म्हणाला, भाऊ, यात जीए आहे. त्याला कसं कळलं तर त्याच्या बागेत तो दरवर्षी हेच बघतो, जिबरेलिक अॅसिड मारलं की शेंडा कसा लांबतो आणि रंग कसा उतरतो. अर्थात त्याचं म्हणणं म्हणजे काही लॅबचा रिपोर्ट नाही. पण मला तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट खटकली, की आमच्या एकाच जिल्ह्यात द्राक्षवाला पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) बोलतो आणि कांदावाला झाकणात बोलतो. तो सांगतो की घड लांबवायला दहा पीपीएम, एक ग्रॅम पावडर आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग शंभर लिटर पाण्यात, पाण्याचा पीएच बघायचा, कळीची अवस्था बघायची, एक दिवस इकडंतिकडं चालत नाही. आणि मी काय करतो, पंपाला दोन झाकण. पंधरा लिटरचा पंप असो का वीसचा, झाकण तेच.

द्राक्षवाल्यांना हे शहाणपण आपोआप आलं नाही हे पण मला माहितीये. २०१० साली युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडले, कंटेनर तिकडं अडकले, आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांचं त्या एका सीझनमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. ते पण संजीवकच होतं, म्हणजे पिकाची वाढ कमीजास्त करणारं द्रव्य, त्यातलं हे वाढ रोखणारं. त्या फटक्यानंतर द्राक्षात कुठलं औषध किती दिवस आधी बंद करायचं याची बोलणी घराघरात सुरू झाली. कांद्यात तसा फटका बसायची आपण वाट बघतोय का? कांदा तर बांगलादेश, मलेशिया, दुबई, श्रीलंकेला जातो आणि उरलेला सगळा आपल्याच लोकांच्या ताटात येतो.

दुसरी फवारणी ऐंशी दिवसांच्या पुढं केली. पात एवढी वाढली होती की मान जाड झाली, कांदा पोसेना. मग त्याच दुकानातून सांगण्यात आलं की आता वाढ थांबवायचं मारा, म्हणजे पातीतला सगळा रस खाली उतरतो. आमच्याकडं हे आता एवढं चालतं की कुणाला त्यात वेगळं काही वाटत नाही, व्हॉट्सअॅपवर शेड्यूल फिरतात, त्यात पंचेचाळीसाव्या दिवशी वाढवायचं आणि पंच्याऐंशीव्या दिवशी थांबवायचं, दोन्हीच्या बाटल्या एकाच यादीत. आधी पैसे देऊन पात वाढवायची आणि मग पैसे देऊन तीच पात रोखायची. हे मी पण केलं. साइज आली हे खरं आहे, खोटं बोलणार नाही, पहिल्या दोन पिकअप काढणीनंतर लगेच मार्केटला नेल्या तेव्हा भाव शेजाऱ्यापेक्षा बरा मिळाला. पण माना काही नीट पडल्या नाहीत. शेजारच्या वावरात निम्म्याच्या वर माना पडून पात पिवळी झाली तरी माझं वावर हिरवंगार उभं. मजूर ठरलेले होते, ते पुन्हा मिळाले नसते, म्हणून हिरव्या पातीवरच काढला, तीन-चार दिवस पातीखाली झाकून सुकवला आणि चाळीत भरला.

आता मी थोडं वाचलंय, विचारलंय, ते इथं मांडतो, चुकत असेन तर तुम्ही दुरुस्त करा.

कांद्याला गड्डा धरायला लावतो तो वाढत जाणारा दिवस आणि वाढती उष्णता. जिबरेलिन हे पेशी लांबवणारं संजीवक आहे, ते पातीला आणि मानेला लांबवतं आणि गड्डा धरायचं काम मागं ढकलतं. सायटोकायनिन पेशींची संख्या वाढवतं आणि पानाला म्हातारं होऊ देत नाही. ऐकायला दोन्ही चांगलं वाटतं. पण साठवणीच्या कांद्याला वेळेवर म्हातारं व्हावंच लागतं! पात पिवळी पडते, मान मऊ होऊन मोडते, पातीतलं अन्न खाली उतरतं आणि त्याच्याबरोबर कोंब झोपवून ठेवणारी द्रव्यं पण गड्ड्यात उतरतात, मग मान वाळून बंद होते. मान बंद म्हणजे घराचं दार बंद. माझ्या कांद्याचं दार उघडंच राहिलं आणि त्यातून सड आत गेली, असं मला वाटतं.

जिबरेलिनचा शोध कसा लागला ते वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलो. जपानमध्ये भाताला एक रोग यायचा, रोपं एकदम उंच व्हायची, फिक्की पडायची आणि मग आडवी व्हायची. तिथले शेतकरी त्याला बाकानाए म्हणायचे, म्हणजे खुळं रोप. १९२६ साली कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की एका बुरशीनं सोडलेल्या द्रव्यानं हे होतं, आणि त्यातनंच पुढं जिबरेलिन हे नाव आलं. म्हणजे जी लांब फिक्की पात बघून रस्त्यावरची माणसं माझं कौतुक करत होती, तसल्याच उंचीला भातवाले शेतकरी रोग म्हणत होते. खरिपात आपल्याकडं पीळ येतो, पात वेडीवाकडी होते, मान लांबते, तेव्हा तर शेतकऱ्याला बुरशी आहे का औषधाचा जादा डोस आहे हे ओळखायला पण येत नाही, आणि पीळ पडला म्हणून तो परत दुकानात जाऊन अजून एक टॉनिक आणतो. राजगुरूनगरच्या लोकांनी दोन्ही पातींचे फोटो शेजारीशेजारी ठेवून एक पान काढलं तरी किती लोकांचे पैसे वाचतील.

वाढ रोखणाऱ्या औषधांचं तर अजून अवघड आहे. पॅक्लोब्युट्राझोल हे आंब्याला मोहोर यायला खोडाजवळ आळ्यात देतात, ते जमिनीत महिनोन्महिने राहतं हे सगळीकडं लिहिलेलं आहे. आंब्याचं झाड जागेवरच उभं असतं, त्याला चाललं. आमच्या वावरात कांदा निघाला की पावसाळ्यात मका नाहीतर सोयाबीन येतं. त्या मक्याच्या कांड्या आखूड झाल्या तर शेतकरी बियाण्याला शिव्या देणार, कांद्यावर काय मारलं होतं ते त्याला आठवणार पण नाही.

हे वाचून असं समजू नका की मी संजीवकांच्याच विरोधात आहे. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. योग्य संजीवक, योग्य वेळी, योग्य मात्रेत मिळालं तर कांद्याला फायदा होतो हे मी मानतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत रोप लावलं आणि आठ दिवस अशी थंडी पडली की पात जागेवर थिजली, मुळं सुटेनात, तेव्हा समुद्री शेवाळाचा अर्क मारला, त्याच्यावर नोंदणी नंबर होता, घटक लिहिलेले होते, आणि आठवड्यात पांढरी मुळी फुटलेली मी उपटून बघितली. गारपिटीनं पात फाटली, अवकाळीनं मार दिला, फुलकिड्यानं रस शोषून पात चंदेरी केली, अशा वेळी पिकाला हात द्यायला काहीतरी लागतंच. पण ते काय, कधी, किती आणि कधी नाही म्हणजे नाहीच, हे आज मला फक्त विकणारा माणूस सांगतोय. तुमच्यापैकी कुणी सांगत नाहीये. तुमच्याकडं अभ्यास असतील, असणारच, पण ते इंग्रजी पेपरात राहिले आणि बाटली मात्र मराठी लेबल लावून गावात आली.

आणि ज्या गोष्टी संजीवकानं होतच नाहीत त्यासाठी पण बाटल्या विकल्या जातायत. डेंगळे म्हणजे कांद्याला फुलाचे दांडे निघू नयेत म्हणून एक बाटली आहे. अहो, डेंगळा येतो तो रोप जाड झाल्यावर लांबलेल्या थंडीत सापडलं म्हणून, जात चुकली म्हणून, लागणीची तारीख चुकली म्हणून. जोड कांदा होऊ नये म्हणून एक बाटली आहे. पत्तीला रंग यावा म्हणून एक. एका बाईनं मला सांगितलं की तिनं एका एकराला खतापेक्षा जास्त पैसे टॉनिकवर घातले, आणि गंधक घातलं का विचारलं तर म्हणाली ते कुणी सांगितलंच नाही. पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर लागण, नत्र वेळेत बंद करणं, गंधक, काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडणं, मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून पात कापणं, सावलीत सुकवणं, या गोष्टींची बाटली करून विकता येत नाही, म्हणून त्यांची जाहिरात पण होत नाही.

आता कायद्याचं बोलतो कारण आयुक्त साहेबांकडं तो विषय आहे.

जिबरेलिक अॅसिड, एनएए, क्लोरमेक्वाट ही संजीवकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात येतात, म्हणजे त्यांची फरिदाबादच्या नोंदणी समितीकडं नोंदणी लागते, लेबलवर घटक आणि टक्केवारी लागते, कुठल्या पिकाला किती ते लागतं. बायोस्टिम्युलंट म्हणजे जैव उत्तेजकं, ती २०२१ च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशात आली. त्या व्याख्येतच सांगितलंय की कीटकनाशक कायद्याखालची संजीवकं यात येत नाहीत, आणि त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर चालत नाही. म्हणजे कागदावर सगळं स्पष्ट आहे. शेवाळाच्या अर्काच्या बाटलीत कुणी गुपचूप जीए घातलं तर तो गुन्हाच झाला. २०२५ च्या जूनमध्ये या जैव उत्तेजकांच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत पण संपली. त्याच वर्षी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतः सांगितलं की आधी तीस हजाराच्या आसपास जैव उत्तेजकं बाजारात विनातपासणी विकली जात होती आणि कडक केल्यावर ती साडेसहाशेच्या घरात आली. मग माझा साधा प्रश्न आहे, उरलेल्या बाटल्या कुठं गेल्या? नाव बदलून, लेबल बदलून परत आल्या का? आमच्या तालुक्यात कुणी बघितलं का? माझ्या हातात आलेली ती बाटली त्या साडेसहाशेतली होती का नव्हती हे मला दुकानात उभं राहून कसं कळणार?

गुणवत्ता नियंत्रणाचे साहेब दुकानात येतात, युरियाचा साठा बघतात, बियाण्याचे नमुने घेतात, ते चांगलंच आहे. पण टॉनिकच्या बाटलीत संजीवक लपवलंय का हे तपासायला नमुना घेतलाय असं मी आजवर बघितलं नाही. घेत असाल तर त्याचा निकाल गावात लावा. नापास झालेल्या बॅचचं नाव ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलं ना साहेब, तर दुसऱ्या दिवशी तो माल शेल्फवरनं उतरेल. दुकानदारांना पण ते हवंय, माझ्या ओळखीतला दुकानदारच म्हणाला की मला तरी काय माहिती आत काय आहे, बिल पक्कं आहे एवढंच मी बघतो.

शास्त्रज्ञ मंडळींना माझं मागणं वेगळं आहे, आणि माझ्या दृष्टीनं तेच सगळ्यात मोठं आहे. तुम्ही कृपा करून कांदा काढणीच्या दिवशी तोलून थांबू नका, चाळीतनं काढताना तोला. कंपनीचा डेमो प्लॉट असतो ना, तिथं काढणीच्या दिवशी मांडव टाकतात, चहा देतात, मोठे कांदे हातात धरून फोटो काढतात, एकरी इतके क्विंटल जास्त निघाला म्हणून टाळ्या. सप्टेंबरमध्ये तिथं परत कुणी येत नाही. आणि आमचं सगळं गणित तर सप्टेंबरचं आहे. एप्रिल-मे मध्ये सगळ्यांचा कांदा एकदम निघतो, लासलगावला, पिंपळगावला, उमराण्याला ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, भाव पडतो. २०२३ च्या ८ डिसेंबरला निर्यातबंदी लागली ती पुढच्या मे महिन्यापर्यंत राहिली, तेव्हा तर काय झालं सगळ्यांना माहितीये. धोरण आमच्या हातात नाही, भाव आमच्या हातात नाही, थांबायचं का विकायचं एवढं एकच आमच्या हातात असतं आणि ते चाळीच्या जोरावर. कांदाच टिकला नाही तर ते पण गेलं.

म्हणून एकाच वावरात, एकाच जातीवर, मग भीमा शक्ती घ्या, भीमा किरण घ्या, एन-२-४-१ घ्या, काही वाफे कोरे ठेवा, काहींवर जीए, काहींवर वाढ रोखणारं, काहींवर दोन्ही, काहींवर फक्त शेवाळाचा अर्क. पीपीएम लिहा. मान किती जाड झाली ते मोजा. माना किती दिवसांनी पडल्या ते लिहा. मग तोच कांदा आमच्यासारख्याच चाळीत, चार फुटाच्या थरात भरा आणि महिन्याला तोला. वजन किती घटलं, सड किती, कोंब किती, काजळी म्हणजे काळी बुरशी किती. आणि शेवटी त्या दिवशीच्या बाजारभावानं गुणून रुपये सांगा. आमच्या मायबाप लोकांना टक्के कळतात पण रुपये जास्त पटकन कळतात.

अजून एक, लोक मॅलिक हायड्राझाइडबद्दल विचारतात. कोंब येऊ नये म्हणून काढणीच्या आधी मारायचं असतं, पात हिरवी असतानाच मारावं लागतं कारण पातीतनंच ते खाली उतरतं, आणि लवकर मारलं तर कांदा पोकळ, स्पंजसारखा होतो, एवढं मला कळलंय. पण आपल्याकडं ते मारावं का नाही, मारायला परवानगी आहे का, यावर एक जण हो म्हणतो, एक जण बंदी आहे म्हणतो. याचं उत्तर एका ओळीत द्या, हो किंवा नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं कृषक विकिरण केंद्र २००२ पासून आहे, तिथं कांद्यावर किरणं सोडतात, साठ ते नव्वद ग्रेच्या (ग्रे हे किरणांचं माप) मात्रेत कोंब थांबतो, औषध न मारता. पण सड त्यानं थांबत नाही, जाड मानेचा कांदा तिथं नेऊन पण सडणारच. म्हणजे फिरून गोष्ट परत वावरातच येते, मान कशी पडली त्यावर.

आणि हे सगळं जे कराल ते मराठीत, एका पानावर, मोठ्या अक्षरात द्या. आमच्या आईसारख्या बायका, ज्या खरं तर चाळीचं सगळं बघतात, निवडतात, कुठला कप्पा आधी फोडायचा ते ठरवतात, त्यांना वाचता येईल असं. पंपाला किती ग्रॅम ते लिहा, हेक्टरी लिहू नका. पंधरा लिटरचा वेगळा आकडा आणि वीस लिटरचा वेगळा. कांद्याच्या पातीवर मेण असतं, पाणी घरंगळतं, औषध पातीला चिकटवणारं स्टिकर कुठलं आणि किती ते पण लिहा, कारण त्याशिवाय अर्धं औषध जमिनीवरच जातं आणि मग लोक म्हणतात डोस कमी पडला, वाढवा.

कांदा लसूण संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र १९९४ साली आमच्या नाशिकमध्येच सुरू झालं होतं, नंतर ते राजगुरूनगरला गेलं. आम्ही तुम्हाला परकं मानत नाही. तुमच्या जाती आम्ही लावतो, तुमचं बी आम्ही रांगेत उभं राहून आणतो. म्हणून हक्कानं बोलतोय.

माझ्याकडून मी एवढं करू शकतो. मी येत्या दिवसांत उळं टाकणार आहे, लागण डिसेंबरच्या शेवटी धरतोय. विहिरीजवळचं दहा गुंठे वावर मी तुमच्यासाठी मोकळं ठेवतो, तुम्ही सांगाल त्या वाफ्यावर तुम्ही सांगाल तेवढंच मारीन, कोरा ठेवायला सांगितलेला वाफा कोराच ठेवीन, मग पात कितीही बुटकी राहू दे. पाणी सगळीकडं सारखं देईन, बांधाकडं कमी पडणार नाही याची पाइप टाकून सोय करतो. चाळीचे दोन कप्पे पण त्यासाठी वेगळे ठेवतो, काटा माझ्याकडं आहे. तालुक्याच्या साहेबांनी फक्त महिन्यातनं एकदा यायचं आणि वजन स्वतःच्या हातानं लिहायचं. आई म्हणालीय की त्या वाफ्यांचा कांदा निवडायला ती स्वतः बसणार, मजुराच्या हातात देणार नाही.

त्या जुन्या बाटलीत अजून बोटभर औषध शिल्लक आहे. झाकण घट्ट लावून, पिशवीत घालून, पोरांचा हात पोचणार नाही असं माळ्यावर ठेवलंय. ज्याला तपासायचंय त्यानं घेऊन जावं, बिल पण आहे.

आपला,
एक कांदा उत्पादक, चांदवड तालुका, जिल्हा नाशिक